व्यासांनी विचारलं, म्हणून नारदांनी सांगितलं



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, पहिला स्कंध, पाचव्या अध्यायाचा शेवटचा भाग आणि सहावा अध्याय.

प्रसंग बहुतेकांना ठाऊक आहे. सरस्वतीच्या काठी व्यास बसलेत. वेदांची विभागणी झाली, महाभारत लिहून झालं, तरी मन स्वस्थ नाही. काहीतरी राहून गेलंय, पण काय ते सापडत नाही. तिथे नारद येतात. ते व्यासांना काय राहिलं ते सांगतात आणि मग एक वेगळीच गोष्ट करतात. ते स्वतःची कहाणी सांगायला लागतात.

कहाणी मागच्या जन्माची आहे. नारद एका दासीचे पुत्र. पावसाळ्याचे चार महिने काही साधू गावात मुक्कामाला राहिले. या पोराने त्यांची सेवा केली, त्यांच्या तोंडून हरिकथा ऐकली. पोर पाच वर्षांचं असताना आई रात्री गाईची धार काढायला बाहेर पडली आणि साप चावून गेली. जगात दुसरं कोणी नव्हतं. पोर उत्तरेकडे चालत सुटलं. गावं, शहरं, खाणी, डोंगर ओलांडत ते बांबूच्या आणि बोरूच्या एका दाट, भयाण जंगलात पोहोचलं. डोहात अंघोळ केली, पाणी प्यायलं आणि एका पिंपळाखाली बसलं. तिथे क्षणभर दर्शन झालं आणि लगेच हरपलंही.

मी मूळचा चंद्रपूरचा. त्यामुळे बांबूचं जंगल आणि रात्री गोठ्यात चावलेला साप हे वाचताना मला काही कल्पना करावी लागत नाही. वैनगंगेपलीकडे गडचिरोलीत गेलात की पुराणातलं ते जंगल अजून उभं आहे. पण आज थांबायचंय ते जंगलापाशी नाही, व्यासांच्या प्रश्नांपाशी.

सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीला व्यास नारदांना मध्येच विचारतात. ते साधू निघून गेल्यावर तुम्ही काय केलंत? पुढचं आयुष्य कसं काढलंत, देह कसा ठेवलात? आणि तिसरा प्रश्न सगळ्यात खोल आहे. काळ सगळं पुसून टाकतो, मग तुमची ही आठवण त्याने कशी पुसली नाही?

हा तिसरा प्रश्न ज्याची आठवण किंवा वाचा खरोखरच पुसली गेलीय अशा माणसासमोर बसून वाचला, तर तो फार वेगळा ऐकू येतो. त्यावरच आज लिहायचंय.

आधी एक शंका

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या मनात ही शंका असते. भक्तिमार्ग ‘मी’ सोडायला सांगतो. मग स्वतःच्या दुखण्याची कहाणी सांगत बसणं म्हणजे ‘मी’ला खतपाणी घालणंच नाही का? जे झालं ते प्रारब्ध म्हणावं, नाम घ्यावं आणि गप्प राहावं. घरातली वडीलधारी मंडळी असंच सांगतात आणि त्यामागे त्यांचा काही वाईट हेतूही नसतो.

शंका खरी आहे, म्हणून तिचं उत्तर पुस्तकी देऊन चालणार नाही.

मामांची गोष्ट

माझे एक मामा ब्रह्मपुरीकडच्या एका गावात राहतात. धानाची शेती. आयुष्यभर गुरुदेव सेवा मंडळात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांना मानणारी गावं आमच्या भागात पुष्कळ आहेत. संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना, खंजिरीवर भजनं, डोक्याला भगवी टोपी, आणि कोणी भेटलं की ‘जय गुरुदेव’. मामा खंजिरी वाजवायचे आणि व्यसनमुक्तीवर बोलायचे. दारूला आयुष्यात शिवले नाहीत. हे सगळं मी त्यांना विचारून लिहितोय. त्यांनी अंगठा वर केला. नाव मात्र नको म्हणाले, म्हणून लिहीत नाही.

चार वर्षांपूर्वी एका आठवडी बाजारात भर दुपारी त्यांचा उजवा पाय ओढला जायला लागला. जीभ जड झाली. बोलायला गेले तर शब्दांचा काला व्हायला लागला. हातातली पिशवी पडली आणि तेही खाली बसले. आजूबाजूचे म्हणाले, “पिऊन आहे थो, पडू द्या.” दोघांनी त्यांना उचलून कडुनिंबाच्या सावलीत ठेवलं. त्यांच्या दृष्टीने ते माणुसकीनेच वागत होते. मामांना सगळं ऐकू येत होतं, समजत होतं. ‘मी प्यालेलो नाही’ एवढं एक वाक्य त्यांना म्हणायचं होतं आणि तेच तोंडातून निघत नव्हतं. संध्याकाळी गावातल्या कोणीतरी ओळखलं. दवाखान्यात पोहोचेपर्यंत रात्र झाली होती.

लकवा होता. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी. उजवा हात, उजवा पाय आणि भाषा या तिन्हींवर घाव बसला. भाषेवरच्या घावाला डॉक्टर वाचाघात म्हणतात. बुद्धी जात नाही, माणूस तोच असतो, पण मनातल्या गोष्टीपासून शब्दापर्यंतचा रस्ता तुटलेला असतो.

नंतर मामांजवळ दोनच शब्द उरले. एक ‘नाही’ आणि दुसरा ‘जय गुरुदेव’. जेवलात का? जय गुरुदेव. दुखतंय का? जय गुरुदेव. पाऊस आला तरी जय गुरुदेव. गावात लोक म्हणायला लागले, “देवमाणूस झाला हो, आता नामाशिवाय तोंडात काही नाही.” काही जण पायाही पडायला लागले.

वाचाघातात असं होतं हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरांनी अशाच एका रुग्णाची नोंद केली होती. तो काहीही विचारलं तरी ‘टॅन’ एवढंच म्हणायचा. त्याच्या मृत्यूनंतर मेंदू तपासला तेव्हा डाव्या बाजूच्या पुढच्या भागात इजा सापडली आणि बोलण्याची जागा मेंदूत कुठे असते याचा पहिला ठोस पुरावा मिळाला. सवयीने पक्क्या झालेल्या गोष्टी, म्हणजे नमस्काराचे शब्द, आकडे मोजणं, पाठ असलेली प्रार्थना, चालीतली गाणी, या पुष्कळदा शिल्लक राहतात. नवं वाक्य जुळवणं मात्र जमत नाही. म्हणून मामांना अख्खं भजन चालीवर म्हणता यायचं आणि भजन संपल्यावर मामींचं नाव घेता यायचं नाही. त्या शिल्लक राहिलेल्या गाण्याचाच आधार घेऊन बोलणं परत शिकवायची एक उपचारपद्धतीही आहे. शब्द आधी चालीत म्हणायचा, हाताने ताल धरायचा आणि मग हळूहळू चाल सोडायची.

लोकांची श्रद्धा मला कळते. पण तो शब्द त्यांनी निवडलेला नव्हता. दुसरा कुठलाच उरला नव्हता. त्यांच्या आजाराचा अर्थ गावाने दोनदा लावला. बाजारात दारूडा म्हणून आणि घरी संत म्हणून. दोन्ही वेळा त्यांना कोणी विचारलं नाही.

एका शब्दासाठी तीन रविवार

मी पुण्यात असतो. रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल व्हायचा. मामांशी बोलायला गेलं की उत्तर मामी द्यायच्या. “त्याइले नाही बोलता येत, मी सांगतो तुले.” मामींचं काही चुकत नव्हतं. दोन वर्षं औषध, शेत, कागदपत्रं सगळं त्याच बोलून निभावत होत्या. पण वाचा-उपचार करणाऱ्या ताईंनी सांगितलं होतं की प्रश्न छोटा विचारा, ‘हो-नाही’त उत्तर देता येईल असा विचारा, चित्र दाखवा आणि मग थांबा. मोठ्ठा वेळ थांबा. त्यांचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका.

एका रविवारी मी विचारलं, “मामा, त्या दिवशी बाजारात काय झालं, ते लिहून ठेवायचं का?” ते कितीतरी वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग मान हलवली. हो.

त्यानंतर जे चाललं त्याला लेखन म्हणावं की शोधकाम, कोण जाणे. मी एक ओळ लिहायची, वाचून दाखवायची, त्यांनी ‘नाही’ म्हणायचं किंवा अंगठा दाखवायचा. डाव्या हाताने ते वहीत बाजाराचा नकाशा काढायचे. इथे भाजीवाले, इथे झाड, इथे मी. झाडाखाली पडून असताना काय वाटत होतं, या ओळीला आम्ही अडलो. मी विचारलं, भीती? नाही. दुखत होतं? नाही. राग? हात हलवून, थोडा थोडा. तीन रविवार त्या एका शब्दात गेले. तिसऱ्या रविवारी त्यांनी डाव्या हाताने उपरण्याचं टोक ओढून तोंड झाकलं. मामी बाजूला बसल्या होत्या, त्या हळूच म्हणाल्या, “लाज?” मामांनी डोळे मिटून मान हलवली. कितीतरी वेळ हलवतच राहिले.

आयुष्यभर दारूविरुद्ध बोललेल्या माणसाला चार गावांच्या बाजारात लोकांनी प्यालेला समजलं होतं आणि ते खोडून काढायला त्याच्याकडे वाचा नव्हती. हातापायाच्या दुखण्यापेक्षा त्यांना हे जास्त लागलं होतं. दोन वर्षं आम्हाला कोणालाच त्याचा पत्ता नव्हता.

शेवटी सगळं मिळून चौदा ओळी झाल्या. मामी म्हणाल्या, “लिहून घे, गुरुदेवाच्या कृपेनं वाचले.” मामा म्हणाले, “नाही.” मामी दुखावल्या. मीही जरा गोंधळलो, कारण मामांइतका श्रद्धाळू माणूस मी पाहिलेला नाही. पण त्यांनी ‘नाही’ म्हटलं, म्हणून ती ओळ घेतली नाही.

कृपा हा शब्द कोणी उच्चारायचा?

त्यांच्या त्या ‘नाही’ने मला आजच्या वाचनातली एक जागा उघडून दिली.

आई सर्पदंशाने गेली तेव्हा पाच वर्षांच्या नारदांनी ती भगवंताची कृपा मानली, असं भागवत सांगतं. ही ओळ पहिल्यांदा वाचताना अंगावर येते. आईच्या मरणात कसली आलीय कृपा? पण हे कोण म्हणतंय ते बघा. ज्याची आई गेली तोच म्हणतोय. तेही त्या रात्री नाही म्हणत, पुढच्या जन्मात मागे वळून बघताना म्हणतोय. त्या पोराच्या घरी जाऊन ‘बाळा, ही कृपा समज’ असं सांगणारा एकही शहाणा माणूस त्या कथेत नाही. व्यासही तसं म्हणत नाहीत. ते फक्त विचारतात, मग पुढे काय झालं?

गीतेच्या पंधराव्या अध्यायातल्या पंधराव्या श्लोकात भगवान म्हणतात की स्मृती आणि ज्ञान माझ्यापासून येतं आणि त्यांचं जाणंही माझ्यापासूनच. मला हा श्लोक अवघड वाटतो आणि तो सोपा करून सांगायची मला घाई नाही. पण एवढं नक्की वाटतं की हा श्लोक माणसाने स्वतःच्या हरवलेल्या आठवणीकडे बघून स्वतःशी म्हणायचा आहे. दुसऱ्याच्या खाटेशेजारी उभं राहून, त्याच्या वतीने म्हटला की तोच श्लोक दगड होतो. दुःखाचा अर्थ लावायचा हक्क ज्याचं दुःख आहे त्याचा. म्हणून त्याची कहाणी त्याच्याच तोंडून, किंवा त्याच्या मानेच्या होकाराने, यायला हवी.

आता पहिल्या शंकेकडे येऊ. स्वतःची कहाणी सांगणं अहंकार आहे का?

नवविधा भक्तीचा क्रम आठवा. दासबोधाच्या चौथ्या दशकात समर्थांनी एकेका समासात एकेक भक्ती सांगितली आहे. पहिली श्रवण आणि नववी आत्मनिवेदन. आत्मनिवेदन म्हणजे स्वतःलाच देऊन टाकणं. पण द्यायचं तर ते आधी हातात हवं ना? मेंदूला इजा झालेल्या माणसाने ‘मी’ अर्पण केलेला नसतो. तो त्याच्याकडून हिसकावला गेलेला असतो. कुठे होतो, काय झालं, मी कोण, लोक मला काय समजले, याचे तुकडे इकडेतिकडे पडलेले असतात. खिशातून चोरीला गेलेल्या पैशाला दान म्हणत नाहीत. ते तुकडे गोळा करून ‘हे असं झालं आणि हा मी’ असं म्हणता येणं ही त्या माणसाची पहिली गरज आहे. सोडणं पुढची पायरी, आणि ती कधी चढायची ते तोच ठरवेल.

याचं सगळ्यात जबरदस्त उदाहरण आपल्या देशातलं नाही. लेव्ह झासेत्स्की नावाचा एक तरुण रशियन इंजिनिअरिंगचा विद्यार्थी होता. दुसऱ्या महायुद्धात १९४३ साली स्मोलेन्स्कच्या लढाईत त्याच्या डोक्यात गोळी शिरली. शब्द गेले, वाचन गेलं, नजरेसमोरच्या जगाचे आणि स्वतःच्या शरीराचेही तुकडे झाले. उपचारात एक गोष्ट लक्षात आली. अक्षर-अक्षर आठवायला गेला तर त्याला लिहिता येत नव्हतं, पण हात न उचलता सवयीने लिहीत गेला तर शब्द उतरत होते. स्वतः लिहिलेलं वाचायला मात्र त्याला अतोनात कष्ट पडत. तरी तो लिहीत राहिला. काही दिवस एखाद्-दुसरं वाक्य, फार झालं तर अर्धं पान. अशी पंचवीसेक वर्षं, सुमारे ३००० पानं. मेंदूविज्ञानाचे मोठे अभ्यासक अलेक्झांडर लुरिया यांनी त्यातले उतारे आणि स्वतःचं विवेचन मिळून १९७१ मध्ये पुस्तक केलं. त्या लिहिण्याने झासेत्स्कीचा मेंदू बरा झाला नाही. पण लिहिताना तो रुग्ण नसायचा, लिहिणारा असायचा. आणि आपल्यासारख्या इतरांना उपयोग व्हावा, डॉक्टरांना हे आतून कसं असतं ते कळावं, हाही त्याचा हेतू होता. स्वतःला सावरणं आणि दुसऱ्यांसाठी साक्ष देणं ही दोन कामं त्याच वहीत चालली होती.

आपल्या घरचं उदाहरण तुकोबांचं. त्यांच्या आत्मचरित्रपर अभंगात ते स्वतःची जात सांगतात, व्यवसाय सांगतात, दुष्काळ, बायकोचा मृत्यू, बुडालेला धंदा, झालेली बेअब्रू, सगळं सांगतात. आणि सुरुवातीलाच म्हणतात की हे खरं तर बोलू नये, पण तुम्हा संतांनी विचारलंत म्हणून तुमचा शब्द पाळतो. बघा, इथेही आधी प्रश्न आहे. व्यासांनी विचारलं म्हणून नारद बोलले, संतांनी विचारलं म्हणून तुकोबा बोलले. विचारलेल्याला खरं उत्तर देण्यात अहंकार कुठून येणार? अहंकार येतो ऐकणाऱ्यांची गरज न बघता स्वतःचं लांबवत बसण्यात, आणि तसा मोह बोलता येणाऱ्या तुम्हा-आम्हाला जास्त असतो.

कहाणी दुसऱ्याच्या कामी येते तेव्हा

गडचिरोलीचं नाव घेतलं की शहरातल्या मित्रांना दोनच गोष्टी आठवतात, जंगल आणि नक्षलवाद. लकव्याचं नाव कोणी घेत नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने २०११ पासून दोन वर्षं गडचिरोलीतल्या ८६ गावांत, साधारण ९४ हजार वस्तीत, प्रत्येक मृत्यूचं कारण शोधलं. १५९९ मृत्यूंपैकी २२९ लकव्याने झालेले निघाले. कोणत्याही एका कारणाने झालेल्या मृत्यूंत हा आकडा सर्वांत मोठा होता. आणि लकव्याने गेलेल्या दर दहा जणांमागे जवळपास नऊ जण घरीच गेले.

याच गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांना ऐन चाळिशीत हृदयविकार झाला आणि त्यांनी ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ लिहिलं. डॉक्टर स्वतः रुग्ण झाला, लपवलं नाही, काय खाल्लं, कसं जगलो, कशाची भीती वाटली हे सगळं मांडलं. ते वाचून कित्येक मराठी घरांनी आपलं खाणं-जगणं तपासून बघितलं. पथ्याची यादी दवाखान्यात भिंतीवर लावलेली असतेच. एका माणसाने ‘माझं असं झालं’ म्हटलं की ती यादी ऐकू येते.

मामांच्या चौदा ओळींचंही तसंच झालं, छोट्या प्रमाणात. गेल्या वर्षी गावात महाराजांच्या पुण्यतिथीच्या कार्यक्रमात, प्रार्थनेनंतर, ते उभे राहिले. मी पलीकडे फोनवर होतो. ओळी त्यांच्या पुतण्याने वाचायच्या आणि मध्ये-मध्ये ते स्वतः बोलणार, असं ठरलं होतं. बाजाराची ओळ आली तेव्हा त्यांनी हाताने पुतण्याला थांबवलं. आणि म्हणाले, “मी... नाही... पेलो.”

तीन शब्द. त्यांना किती वेळ लागला ते मोजलं नाही. पण मंडपात कोणी हललं नाही आणि कोणी त्यांचं वाक्य पूर्ण केलं नाही.

मग पुतण्याने शेवटच्या ओळी वाचल्या. तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात किंवा पाय लुळा पडला, जीभ अडखळली, तर तो माणूस प्यालेला आहे असं धरून चालू नका. घड्याळ बघा आणि गाडी बोलवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्याआधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही ना हे बघावं लागतं. म्हणजे हातात असलेला वेळ त्याहूनही कमी. आणि लकवा यायच्या आधीच ब्लड प्रेशर तपासा, खर्रा सोडा. दुसऱ्या दिवशी आशाताईंकडे काही जण बीपी मोजायला गेले. त्यात ज्यांनी आयुष्यात कधी बीपी मोजलं नव्हतं असेही होते.

शेवटी मामांनी हात जोडले आणि म्हणाले, “जय गुरुदेव.” हा लकव्यानंतर उरलेला शब्द होता की त्यांनी निवडून म्हटलेला, ते कोणालाच कळलं नाही. मामींनी रात्री विचारलं तर नुसते हसले. त्या अर्थाचा हक्कही त्यांचाच.

सावध राहायची जागा

सांगण्याची बाजू मी एवढी मांडली, तर दुसरीही मांडायला हवी. आजकाल दुःखाच्या कहाणीला मागणी आहे. कोणाला निधी हवा असतो, कोणाला तीस सेकंदांचा व्हिडिओ. ‘लकव्यावर मात करणारे काका’ असा मथळा आला की काका त्यात राहत नाहीत, नुसती मात राहते. पडलेल्या दिवसांना, चिडचिडीला, न जमलेल्या शब्दांना त्यात जागा नसते. म्हणून कोणाचीही कहाणी पुढे पाठवण्याआधी तीन गोष्टी बघा. त्यांना विचारलंय का? नको असलेली ओळ त्यांना काढता आली का? आणि ‘आता नको सांगायला’ असं उद्या म्हणाले तर आपण थांबू का?

आणि कोणाला सांगायचंच नसेल तर? तोही मान राखायचा. मौन हेही उत्तर असू शकतं, फक्त ते लादलेलं नसावं.

एक व्यावहारिक गोष्टही नोंदवतो, कारण हे फार जणांना माहीत नसतं. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यात ‘वाचा आणि भाषा’ हा स्वतंत्र प्रकार आहे आणि त्याच्या व्याख्येत वाचाघाताचा स्पष्ट उल्लेख आहे. हात-पाय चालत असले तरी केवळ वाचाघातामुळे कायमचं दिव्यांगत्व आलेलं असेल, तर प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. एका कार्यालयात मामांना ‘बोलता येत नाही तर नातेवाइकाला बोलू द्या’ असं ऐकावं लागलं होतं. तेव्हा मामींनी चौदा ओळींचा कागद पुढे केला आणि म्हणाल्या, “हे त्यायचं बोलणं आहे, वाचा.” दोन वर्षं त्यांच्या वतीने बोलणाऱ्या मामी त्या दिवशी पहिल्यांदा गप्प बसल्या.

आजचा संकल्प

नारदांची आठवण काळाने का पुसली नाही? भागवताचं उत्तर आहे, भगवंताच्या कृपेने. ते मी मानतो. पण ती आठवण बाहेर आली, तिची कथा झाली आणि तिचं ऐकून व्यास भागवत लिहायला बसले, यात व्यासांच्या विचारण्याचाही वाटा आहे. ज्ञानाचे सगळे ग्रंथ लिहून झालेला माणूस एका दासीपुत्राला ‘मग पुढे?’ असं विचारतो आणि ऐकत बसतो. श्रवण ही पहिली भक्ती का, हे मला यातून थोडं कळतं. आपण श्रवण म्हणजे कीर्तन किंवा पॉडकास्ट धरून बसलोय. अडखळत बोलणाऱ्यासमोर, मध्ये न तोडता, फोन उलटा ठेवून बसणं हेही श्रवणच आहे, आणि कानांपेक्षा तिथे धीर जास्त लागतो.

तर आजच्या दिवसासाठी एवढंच. घरात, शेजारी, ओळखीत कोणी असेल, लकव्यातून, अपघातातून, मेंदूच्या आजारातून उठलेलं, तर त्यांच्याकडे जा. तब्येत बाजूच्या माणसाला विचारू नका, त्यांनाच विचारा. प्रश्न एकच ठेवा. उत्तर यायला वेळ लागला तर मनातल्या मनात नाम घ्या, पण शब्द सुचवू नका. ‘कृपा’, ‘प्रारब्ध’, ‘देवाची इच्छा’ हे शब्द त्यांनी आणले तर ऐका, आपण घेऊन जाऊ नका.

उद्याचं वाचन : पहिला स्कंध, सातवा अध्याय. नारद निघून गेल्यावर व्यास एकटे बसतात आणि भागवत उमटतं, तो भाग.

॥ रामकृष्ण हरी ॥